पहिल्या पाच किलोमीटरची उचल

आमच्या भागातल्या पळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दिवाळीनंतर एक सल्ला फिरू लागतो. ज्यांची पहिलीच हाफ मॅरेथॉन आहे, त्यांच्यासाठी. ‘सकाळी गारवा असतो, पाय ताजे असतात, तेव्हाच वेळ कमावून ठेवा. पुढे दमलात तरी चार-पाच मिनिटं हाताशी शिल्लक राहतील.’ खाली दहा-बारा अंगठे, दोन जोडलेले हात, एक पळणारा माणूस. सल्ला देणारी माणसं भली आहेत. त्यातले दोघं डॉक्टर आहेत, एक जण माझ्यासारखाच कॉलेजात शिकवतो. पण सल्ला चुकीचा आहे, आणि नुसता चुकीचा असता तरी मी गप्प बसले असते. तो मानून मी एकदा पळले आहे. तो मानून पळालेल्या आणखी काही जणांना दुभाजकावर डोकं धरून बसलेलं पाहिलं आहे. तरी दर वर्षी तो नव्यानं फिरतो आणि दर वर्षी त्याला तेवढेच अंगठे मिळतात.

पहिल्या पाच किलोमीटरमध्ये जादा वेगानं जो वेळ हाती येतो, ती कमाई नसते. ती उचल असते. उचल म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागू नये. हंगामाच्या आधी मुकादम ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या हातावर रोख रक्कम ठेवतो. त्या दिवशी ते पैसे आपलेच वाटतात. घरात किराणा येतो, जुनं देणं फिटतं, एखादं लग्न पार पडतं. मग कारखाना बंद होईपर्यंत एकेक मोळी बांधून ते फेडत राहायचं. बऱ्याचदा हंगाम संपतो, बाकी संपत नाही. हाफ मॅरेथॉनचा हंगाम दोन-अडीच तासांचा असतो एवढाच फरक.

माझं माहेर नांदेड, सासर आणि नोकरी लातूर. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. पळायला लागले ते त्रेचाळिसाव्या वर्षी, रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट काठावर आला तेव्हा. सव्वा वर्षात दहा किलोमीटर ६२ मिनिटांत जमू लागले. मग ग्रुपवरच्या एकानं माझा आकडा मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये घातला आणि उत्तर पाठवलं: हाफसाठी २ तास १७ मिनिटं. खाली त्यानंच लिहिलं, ‘मॅडम, २:१५ धरून चला. सहज होईल.’ म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद.

हे कॅल्क्युलेटर कुठून येतात हे मी नंतर शोधलं. आधी शोधायला हवं होतं, शास्त्र शिकवते म्हणून तरी. पीटर रीगेल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९७७ साली धावण्याच्या एका मासिकात सूत्र मांडलं आणि १९८१ मध्ये ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त लागतो. किती जास्त, ते काढायला अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा. दुप्पट अंतराला वेळ साधारण २.०८५ पट. सूत्र वाईट नाही, भल्याभल्यांना ते लागू पडतं. पण त्याच्या पोटात एक अट आहे: पळणाऱ्यानं दोन्ही अंतरांची तयारी सारखीच केलेली असली पाहिजे. माझी त्या वेळची सगळ्यात लांब धाव १५ किलोमीटरची होती, तीही एकदाच, किलोमीटरला ६:५० या वेगानं. आठवड्याला सगळे मिळून २५ किलोमीटर होत. सूत्राला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त ६२ हा आकडा दिला होता.

शर्यतीचं नाव सांगत नाही. गाव या दोनपैकी एक. पत्रकावर सुरुवातीची वेळ सहाची होती. सहाला आम्ही सगळे कमानीखाली उभे होतो, स्टेजवर झुंबा चालू होता, डीजेच्या आवाजानं छातीचे ठोके आधीच वाढले होते, आणि प्रमुख पाहुणे ‘पाच मिनिटांत पोहोचत’ होते. पाहुणे आले सहा पस्तीसला. सत्कार, दोन शब्द, फुगे. झेंडा हलला तेव्हा सहा चाळीस झाले होते. डिसेंबरअखेरीला आमच्याकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. म्हणजे जे दोन तास गारव्यातले म्हणून सांगितले होते, ते जवळजवळ सगळे उन्हातले झाले. ही गोष्ट त्या क्षणी कुणाच्याच डोक्यात आली नाही. वेगाचं गणित बदलायला हवं होतं. कुणाचंच बदललं नाही.

पहिला किलोमीटर ५:३५. पाच किलोमीटर २९:१० मध्ये. घड्याळ पाहून मला आनंद झाला, हे कबूल करते. रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं लेझीम खेळत होती, माझ्या पुढे असणारच अशी खात्री असलेले दोन ओळखीचे पुरुष मागे पडले होते, आणि मनात एकच वाक्य: मी उगाच भीत होते. दहा किलोमीटर ६०:५०. माझा आयुष्यातला सगळ्यात वेगवान दहा किलोमीटर, आणि अजून अकरा बाकी. बाराव्याला मांड्या जड झाल्या. चौदाव्याला चालायला लागले. पंधराव्याचं पाण्याचं टेबल होतं, पाणी नव्हतं. फक्त चेपलेले कागदी पेले. सोळाव्यानंतर एका घरासमोरच्या पायरीवर बसले. अंगणात सडा टाकत असलेल्या बाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि अगदी मनापासून विचारलं, “बाई, कशाला जीव काढायलाव एवढा?” मला उत्तर देता आलं नाही. बोलण्याइतका दम नव्हता म्हणून, आणि दुसऱ्या कारणानंही.

शेवटी २ तास ४१ मिनिटं.

आता हिशेब करा. ६:२४ च्या वेगानं दहा किलोमीटरला ६४ मिनिटं लागायला हवी होती, मला ६०:५० लागली. उचल ३ मिनिटं १० सेकंदांची. उरलेल्या अंतराला ७१ मिनिटं हवी होती, लागली १०० मिनिटं आणि वर दहा सेकंद. फेड २९ मिनिटं १० सेकंदांची. असा व्याजदर सावकारसुद्धा तोंडानं सांगत नाही.

हे का होतं, ते अकरावीच्या पुस्तकाइतक्या शास्त्रात सांगता येतं. पळताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. माझं वजन ६२. एकवीस किलोमीटरला तेराशेच्या आसपास. गंमत अशी की वेग वाढवला तरी या एकूण आकड्यात फार फरक पडत नाही, आणि म्हणूनच फसायला होतं. फरक पडतो तो ही ऊर्जा कुठल्या कोठारातून येते यात. निवांत पळताना चरबीचा वाटा मोठा असतो, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांकडे वर्षभर पुरेल इतकी असते. वेग वाढला की शरीर साखरेकडे वळतं. ती साखर स्नायूंत आणि यकृतात मिळून चारपाचशे ग्रॅमच साठवलेली असते. पहिल्या अर्ध्या तासात तिची उधळपट्टी केली, तर नंतर ती परत भरता येत नाही. शर्यतीत वाटेत खाल्लेलं केळं ही भरपाई नव्हे, सांत्वन आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वेगानं पळणारा दर मिनिटाला जास्त उष्णता तयार करतो. मुंबईत घाम अंगावर राहतो, चिकचिकतो, माणूस सावध होतो. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी. घाम येतो आणि कळायच्या आत उडतो. टी-शर्ट कोरडा, कानशिलावर मिठाची पांढरी रेघ. पाणी किती गेलं ते समजत नाही. रक्तातलं पाणी कमी झालं की हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, म्हणून त्याच वेगासाठी ठोके वाढवावे लागतात. सुरुवातीला जो वेग सोपा होता तोच तासाभरानंतर अवघड होतो, तुम्ही काहीही न बदलता. ज्यानं सुरुवातच अवघड वेगानं केली, त्याच्याकडे वाढवायला ठोके शिल्लकच नसतात.

एवढं सांगितलं की वादात अविनाश साबळेचं नाव येतं. येणारच, तो बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा, म्हणजे आपल्यातला. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले, शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायपीट, बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंट, सियाचीन. ‘२०२३ च्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बघा, वाघ पहिल्यापासून पुढे पळाला आणि सुवर्ण घेऊन आला.’ खरं आहे. पण आकडे पाहा. हांगझोऊला त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं १९.५० सेकंदांत संपवली. त्याच्या आदल्या वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८:११.२० पळाला होता, आणि तिथे त्याला रौप्य मिळालं. म्हणजे हांगझोऊला सगळ्यांच्या पुढे पळत असतानाही तो आपल्या ऐपतीच्या आठ सेकंद आत होता. सगळ्यांच्या पुढे असणं आणि ऐपतीबाहेर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या ग्रुपला दिसते ती फक्त पहिली. हाच साबळे २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ० मिनिटं ३० सेकंदांत पळाला, किलोमीटरला २:५२. राष्ट्रीय विक्रम. तो आला दहावा. नऊ जण त्याच्या पुढे होते आणि त्यानं विक्रमाचं काही बिघडलं नाही.

मग किपचोगे. २०२२ साली बर्लिनला त्यानं मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग ५९:५१ चा होता आणि दुसरा ६१:१८ चा. म्हणजे पहिला भाग वेगवान. हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं गेलंय, तेही दोनदा. पण त्याच किपचोगेनं त्याच बर्लिनला २०१८ साली ६१:०६ आणि ६०:३३ अशी विभागणी करून विक्रम केला होता, आणि केल्व्हिन किप्टमनं २०२३ साली शिकागोला तो मोडला तेव्हा ६०:४८ आणि ५९:४७. मतभेद राहूच दे. २०२२ च्या त्या ‘वेगवान सुरुवाती’त दोन भागांतला फरक दीड मिनिटाचाही नाही, आणि पळणारा डझनाहून जास्त मॅरेथॉन पळून बसलेला होता. माझ्या दोन भागांत अर्ध्या तासाहून जास्त फरक होता, आणि मी पहिल्यांदा पळत होते. त्याचा दाखला मला लावू नका.

तरीही आपण सुरुवातीला जोरात का पळतो? शास्त्र न कळल्यामुळे नाही. त्या ग्रुपवर दोन डॉक्टर आहेत, हे मी वर सांगितलं. आपण जोरात पळतो, कारण लोक बघत असतात.

हे मला माझ्याच घड्याळानं शिकवलं. मी सकाळी औसा रोडला पळते. घरी येऊन नकाशा उघडला की एक ठरावीक जागा दर वेळी लाल दिसते, म्हणजे तिथे वेग वाढलेला असतो. तिथे पानटपरी आहे. साडेपाचला ती उघडी असते, चार-पाच जण उभे असतात, कुणी काही बोलत नाही, नुसते बघतात. दीडशे मीटरच्या त्या पट्ट्यात मी किलोमीटरला चाळीस सेकंदांनी वेगवान होते. नांदेडला माहेरी गेले की विद्यापीठाच्या बाजूला पळते. तिथे टपरी नाही, पण कुत्री आहेत. सांगायचं हे की बाईच्या सरावाच्या वेगात थोडी भीती आणि थोडी लाज कायम मिसळलेली असते, आणि सरासरी काढली की ती दिसत नाही. पुरुषांचं वेगळं असेल असं वाटायचं, पण तेही बायको-मुलं कमानीजवळ मोबाइल धरून उभी असतात म्हणून पहिले चारशे मीटर उधळलेले मी पाहिले आहेत. शर्यतीची सुरुवात म्हणजे एक किलोमीटर लांबीची पानटपरी असते.

माझे वडील मला लहानपणी माळेगावच्या यात्रेला नेत. लातूर-नांदेड रस्त्यावरच, लोह्याच्या अलीकडे. खंडोबाची यात्रा, घोड्यांचा बाजार मोठा. विकणारे पोरं घोडा चौखूर उधळून दाखवायचे, गर्दी शिट्ट्या मारायची. वडिलांसोबतचे एक काका मात्र घोडा घ्यायचा तर त्याला दुडक्या चालीनं लांब नेऊन आणायला सांगत आणि परत आला की त्याचा श्वास बघत. त्या वयात मला ते फार कंटाळवाणं वाटायचं.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे, आणि तिथे माझा मुद्दा लंगडा पडतो.

आमच्याकडे पळणारे म्हटले की आधी भरतीची पोरं. घड्याळवाले आम्ही नंतरचे. नांदेडचं स्टेडियम असो, लातूरचं क्रीडा संकुल असो, किंवा मुखेड, कंधार, अहमदपूरच्या गावाबाहेरचा डांबरी रस्ता, पहाटे पळणारे बहुतेक जण पोलीस भरतीसाठी पळत असतात. मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत झाले तर २०पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत. म्हणजे मुलांचा वेग किलोमीटरला ३:१४, मुलींचा ३:३२. त्यांच्या पायांना एवढा एकच वेग शिकवलेला असतो. हिवाळ्यात ही पोरं हाफ मॅरेथॉनला येतात, कारण पहिल्या तिघांना रोख बक्षीस असतं. झेंडा हलला की ती सुटतात, आणि दहाव्या-बाराव्या किलोमीटरनंतर त्यातली निम्मी चालताना दिसतात.

माझ्या दुसऱ्या शर्यतीत, दुसऱ्या वर्षी, मी पहिले पाच किलोमीटर ७:१५ च्या वेगानं पळले. मुद्दाम. पाच किलोमीटरला ३६:१५ लागली आणि माझ्या मागे मोजून वीस-पंचवीस जण होते. सतराव्या किलोमीटरला एक मुलगी कडेला बसलेली दिसली. कमानीखाली मी तिला पाहिलं होतं. मुलींमध्ये सगळ्यात पुढे गेलेली ती. एकोणीस-वीस वर्षांची, पायात शिवून घेतलेले बूट. मी थांबले, खिशातली मीठ-साखरेची पुडी दिली. तिनं पाण्यात घालून घेतली. मी माझं शहाणपण सुनावलं: “अगं, पुढच्या वेळी हळू सुरू कर. शेवटी जोर लाव.”

ती म्हणाली, “मॅडम, हळू पळून कितवी येऊ? चौथीला काय देतेत?”

पुढचे चार किलोमीटर मी तेच वाक्य ऐकत पळले. ती शर्यत मी २ तास २४ मिनिटांत पूर्ण केली, आदल्यापेक्षा सतरा मिनिटं कमी, आणि शेवटचे पाच किलोमीटर सगळ्यात वेगवान. माझा सिद्धांत सिद्ध झाला होता. (कॅल्क्युलेटरचे २:१७ मात्र तेव्हाही झाले नाहीत, हे नोंदवून ठेवते.) पण त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्या सिद्धांतात उत्तर नव्हतं. शास्त्रानं बघितलं तर तीही सावकाश सुरुवात करून जास्त वेगानं शर्यत संपवली असती. तिच्या बाजूनं बघितलं तर पहिल्या तिघींच्या नजरेआड गेली की बक्षिसाची आशाच संपली. मी बँकेतल्या पगारावर सावकाश पळते. तिनं उचल घेतली, कारण तिच्याकडे दुसरा पैसा नव्हता. ऊसतोडीला जाणाऱ्यांना उचलीचे तोटे समजावून सांगणाऱ्या शहाण्यांसारखीच मी त्या क्षणी दिसले असेन.

म्हणून तिला सल्ला देणं मी बंद केलं. तक्रार तिच्याशी नाहीच. तक्रार बक्षिसं २१ किलोमीटरला लावणाऱ्यांशी आहे. ज्या मुलांचा सगळा सराव ८०० आणि १६०० मीटरचा आहे, त्यांना पैशासाठी २१ किलोमीटरवर बोलवायचं, वाटेत ती कोसळली की ‘जिद्द’ म्हणून फोटो छापायचा, हे मला नीट वाटत नाही. तीन किंवा पाच किलोमीटरच्या शर्यतीला मोठं बक्षीस ठेवा. ते त्यांचं अंतर आहे.

आणि माझ्या धंद्याबद्दलही बोलायला हवं. मी ज्या गावात शिकवते त्या गावाचं नाव एका ‘पॅटर्न’मुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हिंगोलीपासून सोलापूरपर्यंतची मुलं दहावी झाली की पेटी घेऊन लातूरला येतात, आता बरीच नांदेडलाही जातात. दोन वर्षांनी नीटची परीक्षा, ७२० गुण. दोन वर्षं! आणि पहिल्या आठवड्यातच पहिली चाचणी, तिचे क्रमांक भिंतीवर. ते कागद मीसुद्धा चिकटवले आहेत, टाचण्या माझ्याच टेबलावर असतात. जूनमध्ये पहिल्या दहात असलेली मुलं दिवाळीपर्यंत तिथेच राहण्यासाठी काय करतात ते मी पाहते. एक मुलगा, फार हुशार, ऑक्टोबरमध्ये गावी गेला तो परत आला नाही. वडिलांचा फोन आला, ‘त्याला झोप येत नाही मॅडम.’ पॅटर्ननं अनेकांची आयुष्यं उभी केली, माझंही घर त्यावर चालतं, त्यामुळे त्याला सरसकट शिव्या देण्याचा अधिकार मला नाही. पण जूनचा वेग कुणी ठरवला, हा प्रश्न मी विचारू शकते. त्या वर्षीपासून पहिल्या महिन्याचे माझ्या विषयाचे क्रमांक मी भिंतीवर लावत नाही. स्टाफरूममध्ये यावरून बोलणं झालं आहे आणि ते पुढेही होईल.

असो. ज्यांची पहिली हाफ येत्या हिवाळ्यात आहे त्यांच्याकडे वळते.

तुमचा सगळ्यात चांगला दहा किलोमीटरचा आकडा विसरा. तो कॅल्क्युलेटरला देऊ नका. गेल्या दीड महिन्यातली सगळ्यात लांब धाव घ्या, तिचा सरासरी वेग घ्या, आणि त्याहून किलोमीटरला पंचवीस-तीस सेकंद सावकाश सुरुवात करा. माझं ६:५० चं ७:१५ झालं ते असं. पाच किलोमीटरनंतर त्या लांब धावेच्या वेगावर या, आणि पंधरा होईपर्यंत तिथून हलू नका. पंधराव्याला पाय काय म्हणतात ते विचारा. त्याआधी विचारू नका, ते खोटं बोलतात.

घड्याळ नसेल तर आणखी चांगलं. सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. दोन-तीन ओळी एका श्वासात होत असतील तर वेग बरोबर आहे. एकेका ओळीला श्वास तुटत असेल, किंवा सतरा साते किती हेच आठवेनासं झालं असेल, तर कमी करा. शेजारचे हसतील. माझ्या शेजारचे एक काका हसले आणि मग एकोणिसाचा पाढा म्हणायला लागले.

शेवटच्या रांगेत उभे राहा. पुढे उभे राहिलात तर भरतीच्या पोरांच्या लोंढ्यात वाहून जाल. आणि कटऑफची भीती सोडा. बहुतेक ठिकाणी तीन तासांची मुदत असते. म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं ३२ सेकंद. सव्वासातनं सुरुवात करून, पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालत पाणी पिऊनही तुम्ही त्याच्या आत राहता. ‘गाडी उचलून नेईल’ या भीतीनं जे जोरात सुटतात, त्यांनाच बहुधा गाडी न्यायला येते.

एक मात्र खरं, आपल्याकडे सावकाश पळणाऱ्याला शिक्षा होते. पुढच्यांना बाटल्या, मागच्यांना चेपलेले पेले. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात पाणी शेवटच्यापर्यंत पोहोचवणं हे तरी आपल्याला जमायला हवं.

म्हणून यंदा आम्ही सात-आठ जणींनी दोन्ही शहरांतल्या आयोजकांना पत्र लिहिलं. साडेपाचला सुरुवात, पाहुणे आले नाहीत तरी. भाषणं बक्षीस समारंभात. पाण्याची टेबलं शेवटचा माणूस जाईपर्यंत उभी, आणि शेवटच्या पन्नास जणांचं पाणी वेगळं काढून ठेवलेलं. रोख बक्षिसांचा मोठा हिस्सा पाच किलोमीटरला. एका आयोजकाचा फोन आला. बाकी सगळं मान्य, म्हणाले, पण पाहुण्यांचं जरा अवघड आहे.

माझ्या जावेची यंदा पहिली हाफ आहे. गेल्या रविवारी ती १६ किलोमीटर पळाली, किलोमीटरला ७:२० नं. दिरांनी ग्रुपवर लगेच टाकलं, ‘सव्वादोन पक्के!’ चौदा अंगठे. तिनं मला रात्री फोन केला आणि विचारलं, “वन्सं, तुम्ही म्हणाला होतात ते किती, पावणेआठ की सात पन्नास?” मी सात पन्नास सांगितलं. घड्याळ त्या दिवशी माझ्याकडेच ठेवायचं ठरलं आहे.